पेनिसिलिनचा ताळेबंद

पुण्याहून लोकलनं चिंचवडला निघालात, की आधी पिंपरी लागतं. तिथं आज ‘एचए’ म्हटलं की अनेकांना मैदान आठवतं. पण ही अक्षरं हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं १९५४ मध्ये ही सरकारी कंपनी उभी राहिली आणि १९५५ मध्ये इथं पेनिसिलिन तयार होऊ लागलं.

१९९७ पर्यंत कंपनी इतकी तोट्यात गेली, की सरकारदरबारी ‘आजारी उद्योग’ ठरली. हिशोब चूक नव्हता, पण अपुरा होता.

समजा, पाच वर्षांचं मूल न्यूमोनियातून पेनिसिलिनमुळे वाचलं आणि सत्तरीपर्यंत जगलं. कारखान्याच्या वहीत काही कुप्यांची किंमत जमा झाली. समाजाच्या वहीत ६५ वर्षं. आजारानं हिरावलेली अशी वर्षं मोजायची पद्धत जागतिक बँकेच्या १९९३ च्या अहवालानं रूढ केली. अकाली मृत्यूनं गेलेली वर्षं आणि आजारपणात काढलेल्या वर्षांचा भार, यांची ती बेरीज. पिंपरीचा कारखाना तोवर चाळिशीला आला होता.

या बेरजेतही सगळं मावत नाही. यॉज हा त्वचा आणि हाडं पोखरणारा, स्पर्शानं पसरणारा रोग. तो मुख्यतः आदिवासी पाड्यांवरच्या मुलांना व्हायचा. दीर्घकाळ टिकणाऱ्या पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनानं तो बरा होतो. एक मूल बरं झालं, की शेजारची मुलंही वाचतात. पण ज्यांना रोग झालाच नाही, त्यांची नोंद कुठल्या केसपेपरवर असणार?

वजाबाकीही हवीच. प्रतिजैविकांच्या बेसुमार वापरानं जंतू निगरगट्ट झाले, तो खर्च याच वहीत पडतो. शिवाय पिंपरीत कारखाना नसता तर औषध आयात झालंच असतं, असंही कुणी म्हणेल. मग खरा प्रश्न उरतो तो असा : ते किती जणांना परवडलं असतं?

मे २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत यॉजमुक्त झाल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळानं हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची जादा जमीन विकून देणी भागवायचं ठरवलं. दोन्ही बातम्या आल्या आणि गेल्या.

जमिनीचा दर काढायला रेडीरेकनर असतो. आपल्यापैकी कितीजणांचे आजी-आजोबा लहानपणी एका इंजेक्शनावर तगले, हे मात्र घरी विचारूनच कळेल.