आंबोलीचे दोन उतार आणि पाणमांजराची नोंद : एक ऐतिहासिक विचार

बीजसंज्ञा : पाणमांजर, ऊद, दक्षिण मराठा प्रदेश, खारभूमी, कांदळवन, मौखिक साधने.

प्रस्तावना

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली हे गाव सह्याद्रीच्या माथ्यावर, दोन जलप्रवाहांच्या सीमेवर वसले आहे. येथे उगम पावणारी हिरण्यकेशी पूर्वेकडे बेळगावच्या मुलखात जाऊन घटप्रभेला आणि तिच्याद्वारे कृष्णेला मिळते. पश्चिमेच्या कड्यांवरून उतरणारे पाणी तेरेखोलच्या खोऱ्यातून अरबी समुद्राला जाते. पाणमांजराचा वावर या दोन्ही बाजूंच्या मुलखांत आहे. परंतु त्याचा इतिहास दोन्हीकडे सारख्या रीतीने जपला गेला नाही. घाटावर त्याची लेखी नोंद झाली, तर खाडीकाठी तो मुख्यतः लोकांच्या बोलण्यात राहिला. या विषमतेची कारणे व परिणाम तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

घाटावरील नोंद

वॉल्टर इलियट हे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना अमरावतीच्या शिल्पांमुळे परिचित आहे. धारवाड भागात नोकरी करीत असताना १८२४ च्या कित्तूरच्या उठावात ते कैदेत सापडले होते. याच इलियट यांनी १८३९ मध्ये दक्षिण मराठा प्रदेशातील सस्तन प्राण्यांची सूची मद्रासच्या एका विद्वत्-नियतकालिकात प्रसिद्ध केली. हिरण्यकेशी ज्या मुलखात उतरते त्याचाच हा प्रदेश. त्या काळच्या प्राणिशास्त्रीय ग्रंथांत पाणमांजरासाठी ‘लुट्रा नायर’ हे लॅटिन नाव रूढ होते. कानडी व तमिळ भाषांतील ‘नीरनाय’ म्हणजे ‘पाण्यातला कुत्रा’ या शब्दाचाच अंश त्या नावात उतरला आहे. पुढे इलियट यांच्या संग्रहातील नमुन्याच्या आधारे जॉन अँडरसन यांनी १८७० च्या दशकाच्या अखेरीस ‘लुट्रा एलिओटी’ ही स्वतंत्र जात मांडली. आज हे नाव ‘लुट्रोगेल पर्स्पिसिलाटा’ या गुळगुळीत केसांच्या पाणमांजराचा पर्याय मानले जाते. मालवण-वेंगुर्ल्याच्या खाड्यांत कळपाने फिरणारे पाणमांजर याच जातीचे आहे. म्हणजेच घाटावरून ग्रंथात पोहोचलेला आणि खाडीत राहून ग्रंथाबाहेर राहिलेला प्राणी एकच होता.

शब्दांची गुंतागुंत

लेखी नोंद नसलेल्या काळासाठी अभ्यासकाला शब्दांकडे वळावे लागते. मराठी ‘ऊद’ हा संस्कृत ‘उद्र’ शब्दाचा वंशज असून यजुर्वेदाच्या संहितांमधील अश्वमेधाच्या पशुसूचीत ‘उद्र’ येतो. सिंधुदुर्गात ‘हूद’ असा उच्चार ऐकू येतो, तर गोव्याकडील बोलीत ‘उजमांजर’ म्हणतात. मात्र प्रमाण मराठीत ‘उदमांजर’ हा शब्द झाडावर राहणाऱ्या निराळ्याच प्राण्यासाठी रूढ आहे आणि ‘ऊद’ म्हणजे धूपही होय. त्यामुळे जुन्या कागदात ‘ऊद’ आढळला म्हणजे पाणमांजर आढळले, असे म्हणता येत नाही.

जातींबाबतही अशीच सावधगिरी हवी. सह्याद्रीच्या ओहोळांत राहणारे, मुख्यतः खेकड्यांवर जगणारे लहान नखांचे पाणमांजर ही वेगळी जात आहे. पोकॉक यांनी १९४० मध्ये कूर्गमधील विराजपेठच्या नमुन्यावरून तिच्या दक्षिण भारतीय उपजातीला ‘निरनाय’ हेच नाव दिले. डोंगरातील व खाडीतील ‘ऊद’ एकच आहे, असे म्हणूनच गृहीत धरता येत नाही.

खाडी, खारभूमी आणि कायदा

खाडीकाठाची जमीन शासनाच्या दप्तरात प्रामुख्याने शेतीयोग्य होऊ शकणारी जमीन म्हणून आली. बांध घालून आणि उघाड्या बसवून खारे पाणी अडवायचे व भात पिकवायचे, ही कोकणातील जुनी रीत. मुंबई खारभूमी अधिनियम, १९४८ आणि महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम, १९७९ यांनी तिला कायद्याचे अधिष्ठान दिले. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे संरक्षणच होते. पण तिवर-चिपीच्या झाडीत विसावणाऱ्या आणि भरती-ओहोटीच्या पाण्यात मासे धरणाऱ्या प्राण्याला या दप्तरात रकाना नव्हता. मच्छीमाराच्या लेखी तर तो जाळे फाडणारा भागीदार होता.

पुढील टप्पे ठळक आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने पाणमांजराची शिकार रोखली. १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. परंतु ते प्रामुख्याने सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्राचे. मुंबई उच्च न्यायालयाचा २००५ चा आदेश आणि २०१२ मध्ये स्थापन झालेला राज्याचा कांदळवन कक्ष यांमुळे खाडीकाठची झाडी ‘वन’ म्हणून मोजली जाऊ लागली. धोका मात्र केवळ स्थानिक नव्हता. ऑक्टोबर २००३ मध्ये तिबेटमध्ये पकडलेल्या एकाच मालात वाघ-बिबट्यांच्या कातड्यांबरोबर पाणमांजराची ७७८ कातडी होती. २०१९ मध्ये गुळगुळीत केसांच्या व लहान नखांच्या, अशा दोन्ही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कठोरतम निर्बंध आले.

समारोप

२०२१ मध्ये आंबोलीतील हिरण्यकेशीच्या उगमाचे २.११ हेक्टर क्षेत्र एका लहानशा माशासाठी जैवविविधता वारसा स्थळ ठरले. आदल्याच वर्षी त्या माशाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले होते. नोंद झाली आणि संरक्षण मिळाले, असा हा क्रम आहे. खाडीतील पाणमांजराबाबत नोंदीचा मोठा भाग अजूनही वृद्ध मच्छीमारांच्या स्मरणात आहे : कोणत्या खाडीत कळप दिसत, कोणता बांध झाल्यावर दिसेनासे झाले, कोणत्या खडकावर त्यांची विष्ठा आढळे. ही साधने दप्तरासारखी टिकणारी नाहीत. लेखी पुराव्याचा अभाव म्हणजे प्राण्याचा अभाव, असा निष्कर्ष काढल्यास उद्याच्या बांधाला वा जेटीला हरकत घेण्यास आधारच उरणार नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास व प्राणिशास्त्र विभागांनी एकत्रितपणे ही मौखिक साधने जाती, स्थळ व काळ यांसह नोंदविणे हे म्हणूनच निकडीचे संशोधनकार्य ठरते.