फटी बुजवणारी माणसं



नेदरलंड्समध्ये आल्यावर हिवाळ्यातलं गॅसचं बिल बघून आपल्यापैकी अनेकांना घाम फुटतो. एवढा पुढारलेला देश, मग जुन्या घरांच्या खिडक्यांतून वारा का येतो? मला वाटतं, उत्तर इतिहासात आहे.

१९५९ साली ग्रोनिंगन प्रांतात स्लोख्तेरेनजवळ नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. पुढच्या दशकात घरोघरी पाइपलाइन पोचली आणि कोळशाच्या शेगड्या गेल्या. गॅस इतका स्वस्त, की भिंतीत इन्सुलेशन घालायचा विचार कोण करणार! १९७३च्या तेलसंकटाने डोळे उघडले. १९७८ मध्ये सरकारने राष्ट्रीय इन्सुलेशन कार्यक्रम काढला आणि अनुदानं दिली. पण अनुदान झालं तरी उरलेले पैसे पदरचेच. शिवाय भाड्याच्या घरात भिंत मालकाची, बिल मात्र भाडेकरूचं. त्यामुळे गरिबाघरच्या फटी तशाच राहिल्या.

२०१२ मध्ये हाउझिंगे गावाजवळ ३.६ तीव्रतेचा भूकंप झाला आणि गॅस-उपशाचे दिवस भरले. २०२३च्या ऑक्टोबरात ग्रोनिंगनचं उत्पादन थांबलं. मध्येच २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे दर भडकले. सरकारने कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना त्या वर्षी १३०० युरोपर्यंत मदत दिली. पण रोख मदत एका हिवाळ्यात संपते, फट तिथेच राहते!

म्हणून मला फिक्सब्रिगेडसारखे उपक्रम जास्त शहाणपणाचे वाटतात. नगरपालिकेच्या पैशातून माणसं घरी येतात, दारं-खिडक्यांना पट्ट्या लावतात, रेडिएटरमागे चकचकीत फॉइल चिकटवतात, एलईडी दिवे बसवतात. सगळं फुकट. अर्थात पट्टी म्हणजे काही भिंत नव्हे. ते काम घरमालकाचं. २०२२च्या करारात गृहनिर्माण संस्थांनी ई, एफ, जी लेबलची घरं २०२८पर्यंत सुधारायचं कबूल केलं आहे. त्यांना त्याची आठवण करून देत राहायला हवं.

आपल्यातही विद्यार्थी आहेत, एका पगारावर चालणारी घरं आहेत. "फुकट ते पौष्टिक" म्हणून आपण हसतो, आणि खरंच गरज असली की संकोचतो. पण ही भीक नाही. स्वस्त गॅसच्या काळात सरकारी तिजोरी भरली. तेव्हा राहून गेलेलं काम आता होतंय, इतकंच. नियम गावोगाव वेगळे आहेत. तेव्हा आपल्या नगरपालिकेत एकदा विचारा, आणि शेजारच्या आजींनाही सांगा.