अंगणात गेलेली शाळा : भावनगर ते कोसबाड

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मंडळाचा इतिहास यावा हे उचितच आहे, आणि तो या अंकात अन्यत्र आलेला आहे. आम्ही येथे मंडळाच्या बालवर्गाच्या निमित्ताने थोडा निराळा इतिहास सांगू इच्छितो. त्याचा आरंभ महाराष्ट्रात नाही, काठेवाडात आहे. आणि त्यातील प्रमुख व्यक्ती आपल्यासारखीच परमुलखात जाऊन राहिलेली एक मराठी स्त्री आहे.

निमित्त असे झाले. बालवर्गात काय शिकवावे यावरून आमच्या कार्यकारिणीत दोन पक्ष पडले. एकाचे म्हणणे, मुलांना मराठी वाचता-लिहिता यावे, चार श्लोक आणि आरत्या म्हणता याव्यात, एवढे पुरे. दुसऱ्याचे म्हणणे, मुलांना 'जीवनकौशल्ये' शिकवावीत. हा शब्द अलीकडचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात अशी दहा कौशल्ये सांगितली. स्वतःला ओळखणे, दुसऱ्याचे दुःख जाणणे, निर्णय घेणे, अडचणीतून वाट काढणे, मनातले नीट बोलून दाखविणे, राग आणि ताण सांभाळणे इत्यादी त्यांत येतात. तेव्हापासून शाळाशाळांतून हा शब्द ऐकू येऊ लागला. शब्द नवा असला तरी वस्तू जुनी आहे, आणि ती आपल्याकडे कशी रुजली हे पाहिले असता आमच्या वादाचेही उत्तर सापडते, असे आम्हांस वाटते.

६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेंझो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. तेथे मुलांच्या हाती प्रथम पुस्तक दिले जात नसे. हात धुणे, पाणी न सांडता ओतणे, बटणे लावणे, केर काढणे, वस्तू जागच्या जागी ठेवणे यांपासून शिक्षणाला प्रारंभ होई. मूल स्वतःचे काम स्वतः करू लागले की त्याच्या ठिकाणी आत्मविश्वास येतो, आणि आत्मविश्वास आला की अक्षरे फार अवघड राहत नाहीत, हे या पद्धतीचे मर्म होय.

भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक वकील होते. स्वतःच्या मुलाला कसे वाढवावे या विवंचनेतून त्यांनी माँटेसरीबाईंचे विचार वाचले, वकिली सोडली, आणि १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. छडी व घोकंपट्टी यांना तेथे मज्जाव होता. गोष्टी, गाणी, नाटके, भटकंती व हातकाम यांना मान होता. गुजराती लोक त्यांना प्रेमाने 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, म्हणत.

या बालमंदिरात १९२३ च्या सुमारास ताराबाई मोडक दाखल झाल्या. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या आणि प्रार्थनासमाजाच्या संस्कारांत वाढलेल्या ताराबाई पदवीधर होत्या. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात त्या प्राचार्यपदावर होत्या. त्या काळी एखाद्या स्त्रीला याहून प्रतिष्ठेची नोकरी क्वचितच मिळती. ती सोडून, आपल्या लहान मुलीला घेऊन, त्या भावनगरला आल्या आणि गुजराती मुलांमध्ये बसून शिकू लागल्या. आपल्यापैकी ज्यांनी परक्या भाषेच्या गावात बिऱ्हाड थाटले आहे, त्यांना या निर्णयाची किंमत समजावून सांगावयास नको. १९२६ साली गिजुभाई व ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. ताराबाईंनी 'शिक्षणपत्रिका' मराठीतही आणली, आणि १९३६ साली मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केला. गुजरातीत मिळविलेले धन त्यांनी अशा रीतीने मराठीत आणले.

येथवरचा इतिहास यशाचा आहे. परंतु एक शल्य उरले होते. माँटेसरीची साधने महाग, बालमंदिरे शहरांत, आणि त्यांत येणारी मुले बहुधा सुखवस्तू घरची. १९३१ साली लंडन येथे माँटेसरीबाईंच्या शिक्षिकांपुढे बोलताना गांधीजींनी नेमके याच ठिकाणी बोट ठेवले होते. असे शिक्षण केवळ श्रीमंतांच्या मुलांना मिळून भागणार नाही, ते दरिद्री घरच्या मुलांपर्यंत पोहोचले पाहिजे, अशी आशा त्यांनी तेथे व्यक्त केली. रोममधील बालगृह मुळात गरिबांच्याच वस्तीत निघाले होते, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

१९४५ साली ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले. तेव्हा त्या त्रेपन्न वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी कस्तुरबा स्मारक निधीच्या बोरिवली येथील शिबिरात त्यांना अनुताई वाघ भेटल्या. अनुताईंचा जन्म १९१० साली मोरगावचा. बालवयातच विवाह आणि काही महिन्यांतच वैधव्य असे दैव वाट्याला आलेल्या या बाईंनी शिक्षण घेतले होते आणि पुण्यास शिक्षिकेची नोकरी धरली होती. ती सोडून त्या बोर्डीला आल्या, आणि १९९२ साली देहावसान होईपर्यंत, सत्तेचाळीस वर्षे, त्याच कामात राहिल्या.

हा मुलूख त्या वेळी शांत नव्हता. डहाणू, तलासरी, उंबरगाव या भागांत वारली आदिवासींकडून जमीनदार व सावकार वेठ घेत असत, आणि त्याच १९४५ साली गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला होता. ज्या घरांत आईबाप दिवसभर दुसऱ्याच्या शेतावर राबत, त्या घरांतील मुलाला अंघोळ घालावयास व त्याच्याशी बोलावयास कोणाला वेळ असणार? बालवाडी उघडली तरी मुले येईनात. लहान मूल एकटे येऊ शकत नसे, आणि त्याला आणून सोडणारे मोठे माणूस घरी नसे. कित्येक मुलांच्या अंगावर धड कपडाही नसे.

येथे ताराबाईंनी जो विचार केला तो आम्हांस या साऱ्या इतिहासाचा कळस वाटतो. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे. सेविका पाड्यावर जाऊ लागल्या आणि एखाद्या झोपडीपुढच्या अंगणात मुले गोळा करून बसू लागल्या. प्रथम तोंड धुणे, अंघोळ, नखे काढणे, केस विंचरणे. मग गाणी, गोष्टी, खेळ. महागड्या साधनांच्या जागी शंखशिंपले, बिया, पाने, खडे, माती आणि बांबू आले. या उपक्रमाचे नाव 'अंगणवाडी'. मुलाला न्हाऊ घातलेले आई पाहत असे, शेजारीण पाहत असे, आणि न सांगता पाड्याचेही शिक्षण होत असे. लोकजागृती हा भारदस्त शब्द न उच्चारता तेथे लोकजागृती घडत होती.

१९५७ च्या सुमारास हे कार्य बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे आणखी एक अडचण दिसून आली. सात-आठ वर्षांपासून पुढच्या मुली शाळेत येत नसत, कारण धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे असे. आणि मुलगे गुरांमागे रानात जात. मुलींसाठी 'विकासवाडी'ची योजना झाली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन येई, त्याला पाळणाघरात ठेवी आणि स्वतः वर्गात बसे. मूल कसे स्वच्छ ठेवावे, त्याला कसे रमवावे, हेही ती तेथेच पाहून शिके. गुराख्यांसाठी 'कुरणशाळा' निघाली. गुरे जेथे चरत तेथेच गुरुजी जाऊन शिकवीत. दिवसा कामावर जाणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग निघाले. मुलांच्या जगण्याला दोष न देता शाळेनेच आपला आकार बदलला, हा या प्रयोगाचा विशेष आहे.

शासनाने याची दखल घेतली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, आणि तिच्या केंद्रांचे नाव अंगणवाडी असे आहे. आज देशभर अशा सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. आसामात असो वा तामिळनाडूत, गल्लीच्या तोंडाशी 'आंगनवाडी' अशी पाटी दिसली की आपण मराठी माणसांनी क्षणभर थांबावे. ती आपल्या ओळखीची आहे. २०१० साली 'सबला' ही योजना २०० जिल्ह्यांत निघाली, आणि तिच्यात ११ ते १८ वर्षांच्या मुलींना अंगणवाडीच्याच द्वारे आरोग्याबरोबर जीवनकौशल्यांचे शिक्षण देण्याचे ठरले. नवा शब्द असा जुन्या अंगणात येऊन बसला.

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. विस्तार झाला की आत्मा पातळ होतो. पुष्कळ ठिकाणी अंगणवाडी म्हणजे खिचडी मिळण्याची आणि वजन टिपण्याची जागा एवढाच अर्थ उरला. सेविकेच्या डोक्यावर नोंदवह्यांचा भार वाढला आणि गाणी-गोष्टी मागे पडल्या. तिचे मानधन तुटपुंजे, आणि अपेक्षा मात्र डोंगराएवढ्या. कोसबाडचे नाव घ्यावयाचे तर हेही सांगितले पाहिजे.

आता आमच्या वादाकडे वळतो. आमचा बालवर्ग दर रविवारी सकाळी मंडळाच्या सभागृहात भरतो. सतरंज्या आहेत, फळा आहे, पुस्तकांचे कपाट आहे. येणारी मुले बँक, रेल्वे, केंद्रीय खाती व कारखाने यांत नोकरीस असलेल्यांची. याच शहराच्या सराफ बाजारात सांगली-साताऱ्याकडील गलाई बांधवांची कुटुंबे कित्येक वर्षांपासून राहतात. सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा त्यांचा व्यवसाय. विट्या-खानापूरच्या दुष्काळी भागातून निघून हे लोक भारतभर पसरले आहेत. त्यांची मुलेही मराठीच बोलतात. परंतु आमच्या बालवर्गात त्यांतील एकही मूल कधी नियमित आले नाही. "त्यांना आस्था नाही" असे आम्ही वर्षानुवर्षे म्हणत आलो. गणपतीची वर्गणी मागावयास मात्र त्यांच्या गल्लीत न चुकता जात आलो.

गेल्या श्रावणात आमच्यापैकी काही भगिनी वर्गणीखेरीज प्रथमच त्या गल्लीत गेल्या. तेथील एका आईने शांतपणे सांगितले, "ताई, हॉल लांब आहे. आम्ही दोघंही कामात, पोरांना सोडायला कोण येणार? आणि तुमच्याकडची पोरं इंग्रजीत बोलतात, आमची बुजतात." ऐंशी वर्षांपूर्वी बोर्डीच्या पाड्यावर जे कारण होते, तेच हे कारण. आमच्या डोळ्यांपुढे ते पन्नास वर्षे उभे होते.

त्यानंतर महिन्यातील दोन रविवार बालवर्ग त्या गल्लीतील एका घराच्या गच्चीवर भरू लागला. पहिल्या दिवशी तेथील अकरा मुले आली, आणि आमच्या नेहमीच्या मुलांपैकी चार. आमच्या काही पालकांनी मुले पाठविली नाहीत, हे लपविण्यात अर्थ नाही. तेथे एक गोष्ट आम्हांस पाहावयास मिळाली. आमच्या मुलांना जीवनकौशल्यांची यादी तोंडपाठ येते. परंतु वर्ग संपताच न सांगता केरसुणी हाती घेतली ती गल्लीतील मुलांनी. पाण्याची घागर आणणे, धाकट्याला सांभाळून खेळणे, नव्या मुलाला आपल्या शेजारी जागा देणे, हे त्यांना ठाऊक होते. आमच्या मुलांना वाचता येत होते. त्यांनी गोष्ट वाचून दाखविली. कोण कोणास शिकवीत होते हे सांगणे कठीण होते.

तेव्हा श्लोक की जीवनकौशल्ये, हा वाद आम्हांस आता चुकीचा वाटतो. बालवर्गात काय शिकवावे याआधी बालवर्ग कोठे भरतो आणि त्यात कोण येऊ शकत नाही, हे विचारले पाहिजे. दुसऱ्याचे दुःख जाणणे हे कौशल्य बंद सभागृहात फळ्यावर लिहून येत नाही. ज्याचे दुःख जाणावयाचे, तो शेजारी बसलेला असावा लागतो. ताराबाई भावनगरला गेल्या तेव्हा त्या परक्यांच्या अंगणात बसल्या. आमच्यापुढील काम त्या मानाने सोपे आहे. आपल्याच माणसांच्या गल्लीत जावयाचे आहे, आणि तेथे जावयास आमच्या दारापासून फार तर वीस मिनिटे लागतात. पुढील रविवारी वर्ग गच्चीवर आहे. सतरंजी आम्ही नेणार आहोत. मुलांना पाठविण्याचे तेवढे आपण मनावर घ्यावे, ही विनंती.