हवेचा किल्ला : भाड्यानें आलेला एक खेळ

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तहनामे आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु करमणुकीचाहि एक इतिहास असतो, आणि समाजाच्या चालीरीती कशा पालटल्या हें त्यावरून चांगलें कळतें. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या शहरांत हल्लीं मुलांच्या वाढदिवशीं इमारतीच्या आवारांत हवेनें फुगविलेला रंगीत किल्ला भाड्यानें आणतात. मुलें त्यास ‘जंपिंग’ किंवा ‘मिकी माउस’ म्हणतात. त्या किल्ल्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

वस्तु भाड्यानें आणून समारंभ साजरा करणें आपणांस नवें नाहीं. लग्नाचा मांडव, सतरंज्या, मोठीं पातेलीं, गॅसबत्त्या हें सर्व कोणी घरीं बाळगीत नसे. मुलांचा खेळ मात्र घरीं येत नसे. मुलांनाच त्याच्याकडे जावें लागे. अंबरनाथच्या प्राचीन शिवालयांत शिलाहार राजा मुम्मुणि याच्या काळचा, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. वालधुनीच्या कांठच्या या देवळापाशीं महाशिवरात्रीस मोठी जत्रा भरते. जत्रेंतला पाळणेवाला फेरीमागें पैसे घेई, मुलांना बसवी, अडसर लावी, आणि मगच पाळणा फिरवी. पाळणा त्याचा, चालविणारा तोच. म्हणून मुलांना सुखरूप उतरविण्याची जबाबदारीहि त्याचीच असे.

पुढें या भागाचें रूप बदललें. कल्याणहून लोहमार्ग १८५६ सालीं इकडे आला. दुसऱ्या महायुद्धांतील कल्याण कँपच्या लष्करी बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली, आणि १९४९ सालीं तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. अंबरनाथास कारखाने निघाले. बदलापुरास मुंबईच्या नोकरदारांसाठीं इमारतींमागून इमारती उठल्या. घरापुढचें अंगण गेलें आणि सामाईक आवार आलें. मुलांना बागडावयास जागा उरली नाहीं, तेव्हां एका संध्याकाळपुरता खेळच आवारांत आणावा, ही कल्पना लोकांस पटली यांत नवल नाहीं.

हा खेळ जन्मला मात्र दूर अमेरिकेंत. लुइझियाना संस्थानांतील श्रीव्हपोर्ट गांवीं जॉन स्कर्लॉक हे इंजिनियर १९५८ सालीं टेनिसच्या मैदानावर घालावयाच्या हवा भरलेल्या आच्छादनाचे प्रयोग करीत होते. कामावरचे लोक त्या आच्छादनावर आनंदानें उड्या मारतात, हें त्यांच्या नजरेस आलें, आणि त्यांतून हें खेळणें निघालें. उंचावरून उडी टाकणाऱ्यास झेलण्याकरितां अग्निशामक दलें जी हवेची गादी वापरतात, तीहि त्यांचीच कल्पना. त्यांच्या पत्नी फ्रान्सिस यांनीं १९६८ सालीं हीं खेळणीं भाड्यानें देण्याचा धंदा सुरू केला. त्या दिवसापासून खेळ यजमानाच्या दारीं येऊं लागला.

येथेंच विचार करण्याजोगी गोष्ट आहे. भाड्यानें नुसतें खेळणें आलें कीं पुष्कळदां पाळणेवाला मागें राहतो. माल पोंचविणारा माणूस पंखा सुरू करून निघून जातो, आणि जत्रेंतील त्या माणसाचें काम नकळत यजमानावर येऊन पडतें. यजमान तर पाहुण्यांत गुंतलेला असतो.

हा किल्ला तोंड बांधलेल्या फुग्यासारखा नसतो. शिवणींतून हवा सारखी बाहेर जाते व विजेचा पंखा ती अखंड भरीत राहतो. वीज गेली कीं भिंती खालीं बसूं लागतात. शिवाय आकार मोठा आणि वजन त्या मानानें थोडें, त्यामुळें वारा त्यांत शिडाप्रमाणें भरतो. ऑस्ट्रेलियांतील टास्मानिया बेटावर डेव्हनपोर्ट गांवच्या एका प्राथमिक शाळेंत १६ डिसेंबर २०२१ रोजीं वावटळीनें असा किल्ला उचलला आणि सहा मुलें दगावलीं. सत्राच्या शेवटाचा आनंदसोहळा चालला असतां हा घात झाला.

युरोपांतील नियमाप्रमाणें वाऱ्याचा वेग ताशीं ३८ किलोमीटरवर गेला कीं किल्ला वापरावयाचा नाहीं. आपल्याजवळ वेग मोजण्याचें यंत्र नसतें. पण लहान झाडें डोलूं लागलीं कीं ती वेळ आली असें समजावें. वैशाखांत वळवाच्या आधीं सुटणारा वारा पूर्वसूचना देत नाहीं. आवारांत काँक्रीट असल्यानें खुंट्या ठोकतां येत नाहींत. वजनें बांधावीं लागतात. तीं पुरेशीं आहेत काय आणि प्रत्येक कडी बांधली आहे काय, हें पैसे देण्यापूर्वीं विचारावें. गच्चीवर किल्ला मुळींच उभारूं नये. दुपारच्या उन्हांत त्याचें कापड अंग भाजेल इतकें तापतें, म्हणून संध्याकाळ बरी. थोरलीं व धाकटीं मुलें एकदम आंत सोडूं नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे घरांतील एका मोठ्या माणसानें पंगत, फोटो व पाहुणे यांचा मोह सोडून शेवटपर्यंत दाराशीं उभें राहावें.

किल्ला भाड्यानें मिळतो, पंखाहि मिळतो. लक्ष ठेवणारा डोळा मात्र घरचाच असावा लागतो. आपल्या आवारांत जमलेलीं मुलें शेजाऱ्यांनीं आपल्या भरंवशावर पाठविलेलीं असतात, एवढें ध्यानीं धरलें म्हणजे पुरे.