पैनगंगेकाठची हिमवाट

थंड देशांत लोक पायांना जाळीचे रुंद जोडे बांधून हिमनद्यांच्या मुलखातून वाटा तुडवितात. झरीच्या काळ्या रानात राहणाऱ्यांस हे नवल वाटेल. परंतु हिमनदीची वाट पाहण्यास हिमालय गाठावयास नको. हिंगोली १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. त्याच्या सीमेवरून वाहणारी पैनगंगा पुढे चंद्रपूरच्या मुलखात वर्धेला मिळते. तेथे इरई गावी ती वाट दगडावर उमटली आहे.

१८५६ साली ओरिसातील तालचेर येथे ब्लॅनफर्ड बंधूंनी बारीक मातीत रुतलेले प्रचंड गोटे पाहिले व ते बर्फाने आणले असावेत, असे मांडले. उष्ण देशात बर्फ! हे पटावे कसे? इरईने साक्ष दिली. १८७५ साली फ्रान्सिस फेडन यांनी तेथील वृत्तान्त प्रसिद्ध केला : तशाच गोट्यांच्या थराखाली चुनखडीचा खडक घासून गुळगुळीत झालेला, आणि त्यावर सरळ, समांतर ओरखडे. पाणी दगड घासते, पण अशा रेघा ओढीत नाही. सरकत्या बर्फात रुतलेल्या दगडांनीच त्या ओढल्या.

ही गोष्ट सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीची. त्या वेळी आपली भूमी गोंडवन खंडात, दक्षिण ध्रुवाकडे होती. आपल्या पायांखालचा काळा कातळ अवघा साडेसहा कोटी वर्षांचा!

त्या मुलखात सिमेंटसाठी चुनखडी खणली जाते. ताम्रपट आपण जपतो. हा लेख त्याहून जुना आहे आणि त्याची दुसरी प्रत निघणार नाही. तरुणांनी तेथवर पायी जावे, तो वाचावा आणि राखावा.