क्ष-किरणांची गाडी आणि माणसाचे मन

1950 च्या सुमारास अमेरिकेत क्षयाची तपासणी फुकट होत असे. क्ष-किरणांचे यंत्र बसविलेल्या गाड्या वस्तीवस्तीत उभ्या राहत. तरी पुष्कळ माणसे तिकडे फिरकत नसत. लोक अडाणी, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. तेथील सरकारी आरोग्यखात्यातील मानसशास्त्रज्ञ गॉडफ्रे हॉकबाउम यांनी तसे केले नाही. बॉस्टन, क्लीव्हलंड व डेट्रॉइट येथील हजाराहून अधिक प्रौढांना त्यांनी विचारले: हा रोग आपल्याला होऊ शकेल, असे वाटते का? वेळीच कळला तर लाभ आहे, असे वाटते का? दोन्ही मानणाऱ्यांपैकी शेकडा 82 जणांनी आपण होऊन छातीचे चित्र काढून घेतले होते. दोहोंपैकी काहीच न मानणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा 21 होते. हे संशोधन 1958 साली प्रसिद्ध झाले.

खरी मेख पहिल्या प्रश्नात आहे. खोकला सुरू होण्यापूर्वीच क्षय फुप्फुसात घर करू शकतो, आणि धडधाकट माणूस ‘मला काय झालंय?’ म्हणून पुढे जातो. (हे वाक्य आपल्या घरांतही ऐकू येतेच!) हॉकबाउम, रोझेनस्टॉक आदींनी पुढे मांडले ते असे, की धोका किती जवळचा, रोग किती भारी, उपायाचा लाभ किती आणि अडचण केवढी, हे माणूस मनाशी तोलत असतो. अडचणीत पैसा व वेळ येतो, तसे भयही येते. गाडी दाराशी आल्याने पायपीट वाचली. ‘काही निघाले तर?’ ही धास्ती मात्र तशीच राहिली.