पाय, कंबर आणि खोड : ताडमाडांवरील चढाईची परिभाषा

ताड, माड आणि शिंदी ही झाडे फांद्यांविना वाढतात. आंब्यावर किंवा फणसावर चढणाऱ्याला हात घालण्यास फांदी मिळते. माडावर चढणाऱ्यापुढे मात्र वीस-पंचवीस मीटरचे उघडे खोड असते. वर जायचे कसे, वर गेल्यावर दोन्ही हात कामासाठी मोकळे ठेवायचे कसे आणि भरलेले भांडे घेऊन खाली यायचे कसे, या प्रश्नांची दक्षिण व पश्चिम भारताने दिलेली उत्तरे वेगवेगळी आहेत. ती त्या त्या भाषेतील अवजारांच्या नावांत जितकी स्पष्टपणे उमटली आहेत, तितकी लिखित इतिहासात क्वचितच आढळतात.

तमिळमध्ये ‘तळै’ म्हणजे बंधन, बेडी; ‘नार’ म्हणजे तंतू. ताडावर चढणारा दोन्ही पायांत जो तंतूंचा फास अडकवतो तो ‘तळैनार’. मल्याळममधील ‘तळप्पु’ हा शब्द याच कुळातला असून तेथे ‘तळ’ म्हणजे पायातले वळे. हा फास पायांना झाडाशी बांधत नाही, तो एका पायाला दुसऱ्या पायाशी बांधतो. तळवे खोडाच्या दोन अंगांना दाबले जातात, फास मध्ये ताणला जातो, पाय फाकत नाहीत आणि त्या घर्षणावर शरीर तोलले जाते. हात सुटला तर माणसाला धरून ठेवील असे काही त्यात नाही. ज्याला बेडी म्हटले तेच चढण्याचे साधन ठरावे, यात या परिभाषेचे वेगळेपण आहे. तमिळ छंदशास्त्रात एका गणाचा पुढील गणाशी जो सांधा जुळतो त्यालाही ‘तळै’ हीच संज्ञा आहे. छंदशास्त्राने ती ताडावरून उतरवून घेतली असे मानण्याचे कारण नाही. बांधणे हा मूळ अर्थच दोन्हीकडे गेला आहे. तरीही एकच शब्द पद्याच्या गणाला आणि चढणाऱ्याच्या पायाला जखडतो, ही गोष्ट अभ्यासकाने नोंदवून ठेवावी अशी आहे.

तेलंगणात बंधन पायांवरून कमरेवर येते. ‘मोकु’ म्हणजे जाड दोर. तो कमरेभोवती आणि खोडाभोवती असा एकत्र घेतला जातो. चढणारा मागे रेलून दोर ताणतो, पाय वर घेतो, मग दोर वर सरकवतो. वर पोहोचल्यावर याच दोरावर रेलून तो दोन्ही हातांनी काम करतो. तळप्पु आणि मोकु यांतील फरक केवळ सोयीचा नाही. मोकूमध्ये माणूस झाडाशी जोडला जातो, तळप्पूमध्ये तो स्वतःशीच जोडलेला राहतो. या व्यवसायाला तेलुगूत ‘गीत’ म्हणतात. ओरखडणे, तासणे या अर्थाच्या क्रियापदाशी तो शब्द निगडित आहे. मराठी कानाला मात्र ‘गीत कार्मिकुलु’ म्हणजे गाणाऱ्यांची संघटना वाटावी.

कोकण आणि गोवा येथे तिसरी रीत दिसते. येथे खोडावरच खाचा पाडून पायऱ्या केल्या जातात. चढणाऱ्याच्या अंगावरचा दोर त्यामुळे कमी होतो. त्याची किंमत खोडाला मोजावी लागते. नारळ पाडणारा तो पाडेली आणि पोय छेदून सूर काढणारा तो रेंदेर. काती आणि वाळवलेल्या दुध्याचे दुदिणें ही रेंदेराची ओळख. त्याचे नाव मात्र अवजारावरून आलेले नाही. पोर्तुगीज भाषेतील खंडवाचक शब्दावरून ते आले, म्हणजे चढणारा येथे खंड भरणारा म्हणून ओळखला गेला. मराठीत ‘भंडारी’ हा शब्द जातिवाचक झाला व मोल्सवर्थच्या कोशातही तो तसाच नोंदला गेला.

शासनाच्या नोंदींचा कल याहून निराळा नव्हता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर झाड, त्याचा क्रमांक, त्यावरील कर आणि निघणारा रस यांचा हिशेब काटेकोर होत गेला. चढणारा त्या हिशेबात परवानाधारक म्हणून आला. तो कोणत्या दोरावर चढतो हा महसुलाचा प्रश्नच नव्हता. मिशनऱ्यांनी या श्रमाकडे अधिक लक्ष दिले. द्रविड भाषांचे तौलनिक व्याकरण १८५६ मध्ये प्रसिद्ध करणारे रॉबर्ट कॉल्डवेल यांनी त्यापूर्वी, १८४९ मध्ये, तिन्नेवेल्लीच्या शाणारांवर पुस्तिका लिहिली होती. दिवसातून दोनदा तीसचाळीस झाडे चढणाऱ्या या समाजाविषयीची त्यांची विधाने पुढे त्याच समाजाला अपमानकारक वाटली आणि त्यांचा तीव्र निषेध झाला.

चढणाऱ्यांनी स्वतः काय म्हटले, हे बहुधा झाडावरून उतरण्याच्या निर्णयातूनच कळते. सर्वाई पापन्ना या ताडी काढणाऱ्या समाजातील बंडखोराचा १७१० मध्ये अंत झाला. त्याच्यावरील तेलुगू लोकगाथा जे. ए. बॉयल यांनी १८७४ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त आणली. तिच्या आरंभीच तो आईशी वाद घालून जातीचा धंदा नाकारतो आणि गोवळकोंड्याकडे दृष्टी लावतो. १९२० च्या सुमारास श्रीनारायण गुरूंनी ईळवांना मद्य करणे, देणे आणि पिणे तिन्ही सोडण्यास सांगितले. १९२१ मध्ये मद्रास सरकारने ‘शाणार’ऐवजी ‘नाडार’ हे नाव मान्य केले. अवजारांची परिभाषा क्षीण होण्यामागे हा आत्मसन्मानाचा इतिहास आहे. लोकसंस्कृतीचा ऱ्हास म्हणून त्यावर सरधोपट हळहळ व्यक्त करणे अन्यायाचे ठरेल. ज्यांच्या पायांत तळै होती त्यांना ती काढून ठेवण्याचा अधिकार होता.

झाडे मात्र उरली आणि चढणारे कमी झाले. केरळमध्ये या टंचाईतूनच २०११ मध्ये नारळ विकास मंडळाने तरुणांना चढाईयंत्राचे प्रशिक्षण देण्याची योजना सुरू केली. तिच्या मल्याळम नावाचा अर्थ ‘माडाचे सवंगडी’ असा होतो. चढण्याचा उल्लेखच त्यातून वगळला आहे. यंत्रात दोन पायांसाठी दोन पोलादी चौकटी असतात आणि प्रत्येकीची तार खोडाला वेढा घालते. पायापायांतले बंधन येथे सुटले व प्रत्येक पाय झाडाशी जोडला गेला.

तेलंगण सरकारने जुलै २०२४ मध्ये ताडी काढणाऱ्यांसाठी दोर व पट्ट्यांचा सुरक्षा संच वाटण्यास प्रारंभ केला. त्याचे तत्त्व मोकूचेच आहे, पण नाव ‘काटमय्य रक्षण कवचम्’ असे आहे. काटमय्या हे गौड समाजाचे दैवत. झाडावर जाण्यापूर्वी त्याचे स्मरण होते. ‘कवच’ हा शब्द चिलखताचा, आणि रोज म्हटल्या जाणाऱ्या स्तोत्राचाही.